पोटातली पिवळी रेघ

अमेरिकेत मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत मुलाकडे आल्यावर चौथ्याच दिवशी पद्मिनीबाई उंब्रजकर हरवल्या. हरवल्या म्हणजे मुलाच्या लेखी. शंतनू दूध, ब्रेड घेऊन बिलाच्या रांगेत आला, मागे वळून बघतो तर आईचा पत्ता नाही. त्यानं घाबरून बायकोला, रेणूला फोन केला, दुकानाच्या माईकवरून आईचं नाव पुकारायची तयारी झाली, आणि बाई सापडल्या कुठे, तर नाश्त्याच्या कॉर्नफ्लेक्ससारख्या सीरियलच्या खोक्यांच्या रांगेत. एक खोकं उलटं धरून त्याच्या तळाची पट्टी नखानं उचकून बघत होत्या. गोंद कमी मारलाय, असं त्यांनी मुलाला सांगितलं आणि खोकं जागेवर ठेवलं. चाळीस मिनिटं गेली होती.

आता यात शंतनूनं डोक्याला हात लावण्यासारखं काही नव्हतं. ज्या बाईनं भोसरीच्या एका कार्टन फॅक्टरीत सव्वीस वर्षं औषधांची खोकी तपासली, तिला शंभर फूट लांब खोक्यांच्या रांगेसमोर उभं केलंत, तर ती आणखी काय करणार? पद्मिनीबाई तिथे इन्स्पेक्शनला होत्या. छपाई, रंग, घडी, चिकटाई, सगळं बघायचं आणि लॉटवर स्लिप लावायची. स्लिपवर तीन चौकोन असत. पास, नापास आणि तिसरा 'सवलतीनं मान्य'. माल नियमात बसत नाही, पण काम भागेल, तेव्हा कारण लिहून सोडून द्यायचा, त्यासाठी तो तिसरा चौकोन. मॅनेजर मंडळींचा तो फार लाडका. पद्मिनीबाईंनी मात्र सव्वीस वर्षांत त्याच्यावर एकदाही खूण केली नाही. फॅक्टरीत त्यांना पाठीमागे नापासबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

एकदा त्यांच्या यजमानांनी शब्द टाकला होता. त्यांच्या मित्राचा लॉट अडकला होता. रंग थोडा फिका, बाकी काही नाही. आयुष्यात एकदाच त्या माणसानं बायकोच्या कामात तोंड घातलं, आणि बाईंनी नापासवर खूण केली. पंधरा दिवस घरात अबोला होता. पुढे तो मिटला, सगळं सुरळीत झालं. पण यजमान २००३ साली गेले, तेव्हापासून भांडी घासताना नाहीतर फिरायला गेल्यावर पद्मिनीबाईंना तो फिका निळा रंग मधूनच आठवायचा.

रिटायर झाल्या आणि २००५ साली मुलाकडे आल्या. येताना पर्समध्ये घडीचं भिंग होतं. ते फॅक्टरीत जमा करायचं राहून गेलं, असं त्या म्हणत. शंतनू म्हणे, आईनं ढापलं.

घरात करण्यासारखं काही नव्हतं. रेणू आणि शंतनू आठला ऑफिसला जात. डिशवॉशर भांडी घासे. बाईंचा हात खोक्यांवरच चाले. रिकामं झालेलं एकही खोकं त्या तसंच कचऱ्यात जाऊ देत नसत. आधी सांधे सोडवून ते सपाट करायचं, मग उभं-आडवं वाकवून पुठ्ठ्यातले दोरे, म्हणजे तंतू, कुठल्या दिशेनं आहेत ते बघायचं, मग बोटाला थुंकी लावून कोपरा चोळायचा. या शेवटच्या प्रकाराला रेणूचा सक्त विरोध होता. आई, निदान माझ्या मैत्रिणींसमोर नको, एवढी तिची विनवणी असे.

त्यामुळे २००६च्या एप्रिलमध्ये, बर्फ संपल्यावर बाई सकाळच्या फिरायला निघाल्या आणि चार घरं सोडून एका उघड्या गॅरेजमध्ये एक म्हातारासा गोरा माणूस भिंगातून पुठ्ठ्याचा तुकडा बघताना दिसला, तेव्हा त्यांचे पाय आपोआप थांबले. त्या फुटपाथवर उभ्या राहून निर्लज्जपणे बघत राहिल्या. शेवटी त्यानंच हात हलवून बोलावलं.

त्याचं नाव डेल लिंडक्विस्ट. पोस्टातून रिटायर झालेला, बायको नाही, मुलगी दूर ओरेगनला. टेबलावर प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातलेले छोटे छोटे पुठ्ठे मांडलेले. प्रत्येकावर एक टोपीवाला खेळाडू आणि आकड्यांचा तक्ता. पद्मिनीबाईंना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पुठ्ठा त्यांनी पाच फुटांवरून ओळखला. मागून करडा, एका बाजूनं छपाई. खोक्याचा बोर्ड.

डेलला एवढंच हवं होतं. तो सांगत सुटला. एकसष्ट-बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला एका सीरियल कंपनीनं खोक्यांच्या पाठीवरच ही कार्डं छापली होती. सीरियल संपलं, की पोरांनी कात्रीनं कापून घ्यायची. आता नऊ-दहा वर्षांच्या पोरांच्या हातात कात्री दिल्यावर काय होणार? कुणी काळ्या रेघेच्या आतून कापलं, कुणी बाहेरून, कुणाचं कार्ड एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला निमुळतं. कुणाला दम नव्हता म्हणून सीरियल पोटात जायच्या आधीच खोकं कापलं, आणि आईचा मार खाल्ला. म्हणून आज रेघ चारी बाजूंनी शाबूत असलेलं कार्ड सापडणं मुश्किल. त्यात हल्ली इंटरनेटवर नकली कार्डांचा सुळसुळाट. नवीन खोकी जुन्यासारखी छापतात, कापतात, चहाच्या पाण्यात बुडवून जुनी करतात.

"चहाच्या पाण्यात?" बाईंनी विचारलं. त्यांचे डोळे चमकले.

त्या दिवसापासून फिरणं नावापुरतं राहिलं. बाई रोज दहा वाजता डेलच्या गॅरेजमध्ये हजर. त्यांचं इंग्रजी फॅक्टरीतलं होतं. हवापाण्यावर दोन वाक्यं बोलताना त्या अडखळत, पण बोर्ड, ग्रेन, इंक, रिजेक्ट असे शब्द आले की गाडी सुसाट. पहिल्याच आठवड्यात त्यांनी डेलनं लिलावात घेतलेल्या कार्डांतली दोन बाजूला काढली. पुठ्ठ्याची पाठ खूप एकसारखी होती. जुन्या खोक्याच्या करड्या पाठीत रद्दीचे निळे-लाल कण दिसायला हवेत, असं त्यांचं म्हणणं. डेलनं दुसऱ्या भिंगातून बघितलं, आणि ती दोन्ही कार्डं वेगळ्या डब्यात टाकली. तेव्हापासून तो त्यांना इन्स्पेक्टर म्हणू लागला. त्या त्याला मिस्टर डेल म्हणत.

मे महिन्यातल्या एका सकाळी गॅरेज अर्धंच उघडं होतं. डेल खुर्चीत नुसता बसला होता. समोर एक जाड पाकीट आणि एक कार्ड.

झालं होतं ते असं. डेलचा कार्डवाल्यांचा एक क्लब होता, बारा-पंधरा म्हातारे. जूनमध्ये लायब्ररीत त्यांचं प्रदर्शन होतं. नकली मालाचा उपद्रव वाढलेला, म्हणून प्रदर्शनातलं एकूण एक कार्ड तपासून घ्यायचं आणि शेजारी तपासणीचा कागद लावायचा, असा नियम क्लबनं केला. हा नियम कुणी आणला? डेलनंच. हट्टानं, दोघा-तिघांशी वाकडं घेऊन. आणि त्याचीच कार्डं तपासणाऱ्या कंपनीकडून परत आली, तर त्यातलं एक नापास. ते सुद्धा साधंसुधं नाही. त्याचं सगळ्यात लाडकं, मिनेसोटाच्याच टीममधल्या एका खेळाडूचं. हे कार्ड कंपनीनं कुणी खात नसलेल्या एका कोंड्याच्या सीरियलवरच छापलं होतं, म्हणून दुर्मीळ. सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ, कार्डात फेरफार केल्याची खूण आढळली.

डेल बारा वर्षांचा असताना तापानं तीन आठवडे अंथरुणाला खिळून होता. सेंट क्लाउडकडच्या एका लहान गावात त्यांचं घर होतं. एका सकाळी त्याची आई हे कार्ड घेऊन खोलीत आली, पांघरुणावर ठेवलं आणि म्हणाली, ते सीरियल मिळालं बरं का शेवटी. त्रेचाळीस वर्षं ही गोष्ट डेल सांगत आला होता. क्लबातल्या प्रत्येकानं ती चार-चारदा ऐकली होती. आणि आता क्लबचा सेक्रेटरी रॉजर फोनवर म्हणाला होता, की शनिवारच्या बैठकीत याचं काहीतरी स्पष्टीकरण द्यावं लागेल. आवाज मऊ होता, पण अर्थ सरळ होता. दुसऱ्यांना चोर म्हणणाऱ्याच्या घरातच नकली माल निघाला.

"मी तिथे होतो," डेल म्हणाला. "माझ्या आईनं दिलंय ते मला. तू बघ, इन्स्पेक्टर. आणि जे दिसेल ते सांग."

बाईंनी कार्ड पाकिटातून काढलं. हातात घेताक्षणीच त्यांना काहीतरी खटकलं. जाड होतं. पाठ ठीक, कण ठीक, छपाईचे ठिपके ठीक. हलकेच वाकवून बघितलं. उभंही वाकेना, आडवंही वाकेना. दोरे एकाच दिशेला असते तर एकीकडून तरी सहज वाकलं असतं. मग त्यांनी भिंग कार्डाच्या कडेवर धरलं.

कडेच्या बरोबर मधोमध एक बारीक पिवळी रेघ होती. केसाएवढी, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. आता बोर्डाच्या अंगावर रंग असतो. बोर्डाच्या पोटात रंग कसा जाईल? एकच रीत. छापलेल्या पुठ्ठ्यावर दुसरा पुठ्ठा चिकटवला, तरच.

 उजेड कमी आहे, उद्या बघते, असं सांगून बाई घरी आल्या आणि वरण करपवलं. रेणूला नवल वाटलं. बाईंनी तिला सगळं सांगितलं. रेणूचं म्हणणं सरळ होतं, आई, तुम्ही यात पडूच नका, उजेडात नीट दिसलं म्हणून सांगा आणि मोकळ्या व्हा. म्हातारा माणूस आहे, एका कार्डानं कुणाचं काय बिघडतंय?

रेणूचं चुकत होतं असं नाही. पण बाईंच्या डोक्याला भुंगा लागला होता. चिकटवलंय हे नक्की. पण कुणी? डेलनंच चिकटवलं असेल तर? मग तो सव्वा महिना आपल्याला गोष्टी सांगत बसला त्या कसल्या? ही शंका त्यांना मनापासून नकोशी होती, आणि तरी ती सुटेना. नकली माल करणारा कशानं चिकटवतो? बाजारच्या पांढऱ्या गोंदानं. मग हे कशानं चिकटवलंय? हे कळलं तर निम्मं कोडं सुटेल. आणि ते कळायला एक सोपी युक्ती होती, जी भोसरीत रोज दहा वेळा होत असे. बाईंनी पुण्याहून आणलेला औषधांचा डबा उघडला आणि टिंक्चर आयोडीनची बाटली पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डेलला आधी भिंगातून पिवळी रेघ दाखवली.  मग बाईंनी बाटली टेबलावर ठेवली आणि समजावलं. काडीच्या टोकानं कडेला थेंबभर लावायचं. आत पिठाची खळ असेल तर डाग काळानिळा होईल. बाजारचा गोंद असेल तर तपकिरीच राहील. पण एकदा लावलं की डाग जन्मभर जायचा नाही. कार्ड तुझं, तू ठरव.

डेलनं कार्ड पुढे सरकवलं. "लाव."

 बाईंनी काडी कडेला टेकवली. आधी तपकिरी ठिपका दिसला. मग बघता बघता रेघेलगत तो शाईसारखा निळा झाला.

"पिठाची खळ," बाई म्हणाल्या. "घरात केलेली. स्वयंपाकघरात."

खळ म्हणजे काय, हे त्यांना हातवारे करून सांगावं लागलं. पीठ, पाणी, पातेलं, मंद आच, ढवळत राहायचं. शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घालायला आमच्या आया करायच्या तीच. हे सांगता सांगता त्यांच्या मनातली शंका गळून पडली. नकली माल विकणारा कुठला खळ शिजवत बसतोय?

डेल आत गेला आणि पट्टी घेऊन आला. कार्ड मोजलं. मग दुसरं मोजलं, मग पुन्हा पहिलं. ते जेमतेम तीन मिलिमीटर आखूड होतं. एवढी वर्षं तो समजत होता, की आईची कात्री रेघेच्या आत गेली.

"हे सीरियलचं नाहीच," तो सावकाश म्हणाला. "जेलीचं आहे."

त्याच वर्षी जेलीच्या पावडरीच्या छोट्या खोक्यांवरही हीच कार्डं छापली होती. तेच चित्र, तोच मजकूर, फक्त किंचित आखूड आणि पातळ पुठ्ठ्यावर. डेलसारख्या माणसाला हे झोपेतही माहीत. पण आपल्या आईनं दिलेलं कार्ड कुणी पट्टी लावून मोजतं का? कोंड्याचं ते सीरियल गावातल्या दुकानात आलंच नसणार. आईनं जेलीचं खोकं आणलं, कार्ड कापलं. ते हाताला पातळ लागलं असतं आणि पोरानं लगेच ओळखलं असतं, म्हणून घरातल्या पिवळ्या सीरियलच्या खोक्याचा तुकडा खळ लावून मागे डकवला. करडी बाजू बाहेर, पिवळी बाजू आत. बाईंनी डेलजवळच्या एका न कापलेल्या जुन्या खोक्याचा पिवळा रंग भिंगाखाली धरून बघितला. तोच होता.

डेल खुर्चीत बसला. त्यांच्या घरी जेली कधीच येत नसे, असं त्यानं सांगितलं. वडील म्हणायचे, रंगीत पाण्याला कशाला पैसे घालायचे. फक्त एकदा, त्या आजारपणात, आईनं लाल जेलीचा वाडगा आणून दिला होता. आजारी आहे म्हणून लाड चाललेत, असं त्याला वाटलं होतं. एवढं बोलून त्यानं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसला.  पद्मिनीबाईंनी उगाचच बाटलीचं बूच घट्ट केलं.

शनिवारी चर्चच्या तळघरात बैठक होती. डेलनं बाईंना सोबत नेलं. बारा म्हातारे, कॉफीचा मोठा थर्मास, आणि साडी नेसून वर जाड जॅकेट घातलेल्या पद्मिनीबाई. डेलनं उभं राहून काहीही न लपवता सांगितलं. कार्ड चिकटवलेलं आहे, तपासणारी कंपनी बरोबर होती, मी त्रेचाळीस वर्षं चुकीची गोष्ट सांगत होतो. मग पिवळी रेघ, खळ, जेली, सगळं सांगितलं. भिंग हातोहात फिरलं. प्रत्येकानं कड बघितली आणि जरा जास्तच वेळ बघितली.

रॉजर घसा खाकरून म्हणाला, की आपली तर हे प्रदर्शनात ठेवायला काही हरकत नाही, पण नियम आहे. प्रत्येक कार्डाशेजारी तपासणीचा कागद हवा. कागद नसेल तर कार्ड नाही. आणि नियम डेलचाच आहे.

डेल म्हणाला, नियम बरोबर आहे. त्यानं कार्ड पाकिटात घालायला उचललं.

तेव्हा पद्मिनीबाईंनी पर्समधून वही काढली. एक पान फाडलं, रॉजरकडून पट्टी मागून घेतली आणि रेघा मारायला लागल्या. कुणाला काही कळेना. पण बाई सावकाश, नीटनेटके रकाने आखत होत्या, जसे भोसरीत छापून यायचे तसेच. माल, तारीख, तपासणाऱ्याचं नाव. खाली तीन चौकोन.

मालाच्या रकान्यात त्यांनी कार्डाचं वर्णन लिहिलं. तारीख घातली. नाव लिहिलं. चौकोनांपाशी आल्यावर पेन थांबलं. पासवर खूण करणं शक्य नव्हतं, ते खोटं झालं असतं. नापासवर त्यांचा हात सवयीनं गेलाही. मग त्यांनी पेन उचललं आणि जन्मात पहिल्यांदा तिसऱ्या चौकोनात खूण केली. असा एक चौकोन आपल्याला आधीच, एका फिक्या निळ्या लॉटच्या वेळी सापडला असता, तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं.

त्या चौकोनाला कारण लिहावं लागतं. इंग्रजीत ते जमेना, म्हणून मराठीतच लिहिलं आणि कागद डेलकडे सरकवला. त्यानं ती अक्षरं निरखली आणि काय लिहिलंय ते विचारलं. बाईंनी एकेका ओळीवर बोट ठेवून, आपल्या फॅक्टरीतल्या इंग्रजीत, त्याला वाचून दाखवलं.

"कारण: आईनं मुलासाठी बनवलं. वापर: त्रेचाळीस वर्षं. तक्रार: नाही."